गोष्ट दुसऱ्याची, चित्रपट अडूरांचा

१९८७ साली ‘अनंतरम’ पडद्यावर आला, तेव्हा अडूर गोपालकृष्णन यांच्या नावावर पाच कथापट जमा झाले होते. पाचही खास पडद्यासाठी रचलेले. त्यांतला एकही कादंबरीवर, कथेवर किंवा नाटकावर बेतलेला नव्हता. केरळसारख्या साहित्यवेड्या प्रांतात ही गोष्ट साधी नव्हती. तिथं नावाजलेल्या कादंबरीवर चित्रपट काढणं हा चांगल्या चित्रपटाचा राजमार्गच समजला जाई. अडूरांनी तो मार्ग पंधरा वर्षं निग्रहानं टाळला.

आणि त्यानंतरचा त्यांचा चित्रपट आला तो वैकम मुहम्मद बशीर यांच्या लघुकादंबरीवर. १९९०चा ‘मतिलुकळ’. पाठोपाठ १९९३ मध्ये पॉल झकारिया यांच्या लघुकादंबरीवरून ‘विधेयन’. पुढं २००७ आणि २००८ मध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कथांवर ओळीनं दोन चित्रपट. १९७२ ते २०१६ या चव्वेचाळीस वर्षांत अडूरांनी बारा कथापट केले, त्यांतले चार दुसऱ्यांच्या लेखनावरचे. हे चारही पन्नाशीच्या उंबरठ्यावर किंवा त्यानंतर केलेले, म्हणजे नाव, मानमरातब आणि स्वतःची शैली असं सगळं हाती आल्यानंतरचे.

ज्येष्ठ दिग्दर्शक दुसऱ्याच्या पुस्तकाकडं वळला की सिनेमाच्या वर्तुळात एक शेरा हमखास ऐकू येतो: ‘आता त्याच्याकडं सांगण्यासारखं उरलं नाही.’ अडूरांच्या बाबतीत हा शेरा किती चुकीचा आहे, हे त्यांचे चित्रपट पाठोपाठ पाहिले की लक्षात येतं. स्वतःचं सांगणं पुरतं सापडल्याशिवाय दुसऱ्याच्या गोष्टीला हात घालू नये, अशी शिस्त त्यांच्या या वाटचालीत दिसते. ती शिस्त आपण मराठी प्रेक्षकांनी आणि दिग्दर्शकांनीही नीट पाहावी, म्हणून हा लेख.

पुण्यात बदललेली दिशा

अडूर मुळातले नाटकवाले. ३ जुलै १९४१चा त्यांचा जन्म. घराणं कथकलीला आश्रय देणारं. शाळकरी वयापासून रंगमंचावर वावर, पुढं नाट्यलेखन आणि दिग्दर्शन. तमिळनाडूतल्या गांधीग्राम संस्थेतून अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांत पदवी घेऊन ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सरकारी नोकरीत लागले. तिथं मन रमेना. १९६२ साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. पटकथालेखन आणि दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आपल्या नाटकांच्या उपयोगी पडेल, एवढाच तेव्हाचा विचार.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात ही संस्था १९६० साली सुरू झाली होती. ज्या जागेत नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी १९३७ साली ‘कुंकू’ घडवला, त्याच जागेत हा केरळी नाटककार जगभरचे चित्रपट पाहू लागला. सतीश बहादूर यांचा रसास्वादाचा तास, ऋत्विक घटक यांची शिकवण आणि रोजचं चित्रपट पाहणं यांतून त्याला उमगलं, की चित्रपट ही संवादांवर उभी राहणारी वस्तू नाही. तो चौकटीतून, आवाजातून आणि वेळेच्या मापातून बोलतो. नाटकं सुधारायला आलेला माणूस १९६५ साली पदवी घेऊन बाहेर पडला, तो सिनेमाचाच होऊन.

त्याच वर्षी तिरुवनंतपुरमला मित्रांसोबत त्यांनी ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी सुरू केली. पुढं तिचीच सहकारी संस्था चित्रपटनिर्मितीत उतरली. पण पहिला कथापट उभा राहायला १९७२ साल उजाडलं. ‘स्वयंवरम’चा खर्च सुमारे अडीच लाख रुपये, त्यातले दीड लाख फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जाचे. पळून जाऊन संसार मांडणाऱ्या एका जोडप्याची ही साधी कहाणी. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री आणि छायालेखन असे चार राष्ट्रीय पुरस्कार तिनं पटकावले.

स्वतःच्याच गोष्टीचा हा हट्ट का होता, ते समजून घ्यायला तेव्हाचा मल्याळी सिनेमा पाहायला हवा. १९५४चा ‘नीलक्कुयिल’ उरूब यांच्या लेखणीतून उतरलेला. ‘भार्गवी निलयम’ची पटकथा १९६४ साली खुद्द बशीर यांनी लिहिली. १९६५ साली रामू करियात यांनी तकळींच्या कादंबरीवरून ‘चेम्मीन’ काढला आणि त्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. एम. टी. वासुदेवन नायर आपल्याच कथांच्या पटकथा लिहीत होते. सिनेमाला साहित्याचं बळ होतं, पण त्या बळाखाली सिनेमा दबलाही होता. पात्रं बोलून बोलून गोष्ट सांगत, आणि कॅमेरा ते बोलणं टिपून घेई. लोक पडद्यावर पुस्तक ओळखायला येत आणि ओळख पटली की समाधानानं घरी जात.

अडूरांना या नात्यातून चित्रपटाला सोडवायचं होतं. ‘कोडियेट्टम’मध्ये (१९७७) त्यांनी पार्श्वसंगीतच वापरलं नाही. गावात रिकामटेकडा भटकणारा शंकरनकुट्टी हळूहळू जबाबदार माणूस कसा होतो, ते नुसत्या त्याच्या चालण्याबोलण्यातून दाखवलं. ‘एलिप्पतायम’मध्ये (१९८१) सरंजामी घरातला उण्णी उंदराच्या सापळ्यासारख्या आपल्याच घरात अडकत जातो. या चित्रपटाला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची सदरलँड ट्रॉफी मिळाली. ‘मुखामुखम’वरून (१९८४) केरळच्या डाव्या वर्तुळात वादळ उठलं. आणि ‘अनंतरम’मध्ये अजयन नावाचा तरुण आपलीच गोष्ट दोनदा सांगतो. दोन्ही खऱ्या वाटतात, आणि एक दुसरीला पुरतं खोडतही नाही.

सत्यजित राय यांचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. ‘पथेर पांचाली’पासून त्यांनी साहित्याचा आधार घेतला आणि निव्वळ पडद्यासाठी रचलेली गोष्ट प्रथम १९६२च्या ‘कांचनजंघा’त सांगितली. राय साहित्याकडून चित्रपटाच्या मोकळ्या मैदानात गेले. अडूर त्या मैदानात सगळे खेळ खेळून झाल्यावर साहित्याकडं आले. म्हणूनच त्यांच्या रूपांतरांत पुस्तकाबद्दलचं भय कुठंच आढळत नाही.

भिंतीच्या अलीकडं

‘मतिलुकळ’ म्हणजे भिंती. १९४०च्या दशकात त्रावणकोर संस्थानात राजद्रोही लेखनाबद्दल बशीर तुरुंगात गेले होते. त्या अनुभवातून ही लघुकादंबरी उतरली. सांगणाऱ्या नायकाचं नावही बशीरच. तुरुंगातल्या पहारेकऱ्यांशी त्याची गट्टी जमते, तो गुलाब लावतो, झाडांशी गप्पा मारतो. मग इतर राजबंद्यांची सुटका होते आणि याच्या एकट्याच्याच सुटकेचा हुकूम येत नाही. त्या भकास एकटेपणात, एका उंच भिंतीपलीकडून, स्त्रियांच्या तुरुंगातून, हसण्याचा आवाज येतो. नारायणी. दोघं एकमेकांना कधीच पाहत नाहीत. ती भिंतीवर दिसेल अशी वाळकी काटकी उडवते, ती तिच्या येण्याची खूण. भिंतीवरून गुलाबाचं रोप पलीकडं जातं. दोघांचं प्रेम जमतं. तुरुंगाच्या दवाखान्यात भेटायचं ठरतं, आणि नेमकी त्याआधी बशीरची सुटका होते.

कादंबरीत नारायणी दिसत नाही याचं वाचकाला काही विशेष वाटत नाही, कारण पुस्तकात कोणीच दिसत नसतं. जिचा तिचा चेहरा वाचक आपल्या मनानं रंगवतो. पडद्यावर मात्र सगळं दिसतं, आणि म्हणून न दाखवणं हा ठरवून घेतलेला निर्णय होतो. भिंत ओलांडायला कॅमेऱ्याला काय लागतं? एक कट, आणि नारायणी समोर. तिच्या भूमिकेसाठी एखादी लोकप्रिय नटी घ्यावी, निदान नायकाच्या स्वप्नात तरी दाखवावी, असा मोह किती निर्मात्यांना आवरला असता? अडूरांनी कॅमेरा भिंतीच्या अलीकडंच ठेवला. नारायणी शेवटपर्यंत नुसती ऐकू येते.

त्यामुळं चित्रपटाचा सगळा भार दोन गोष्टींवर येतो. पहिली म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा. मामुट्टी तेव्हा मल्याळी सिनेमातले आघाडीचे नट होते. त्यांनी भिंतीला तोंड करून उभं राहायचं, वर बघायचं, वाट पाहायची आणि ऐकायचं. हाणामारी नाही, गाणं नाही. प्रेमप्रसंगात समोर दगडमाती. बोलणाऱ्या पात्रापेक्षा ऐकणारं पात्र किती अवघड असतं, हे या भागात उमजतं: काटकी वर उडाली की चेहऱ्यावर आनंद येतो, आणि ती दिसेनाशी झाली की नजर तिथंच रेंगाळते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. नारायणीला के. पी. ए. सी. ललिता यांनी आवाज दिला. त्यावरून केरळात वाद झाला. इतका ओळखीचा आवाज ऐकला की त्या अभिनेत्रीचा चेहरा डोळ्यांपुढं येतो आणि नारायणीचं गूढ संपतं, असं अनेकांचं म्हणणं. अडूर आपल्या निवडीवर ठाम राहिले. मला त्यांचं पटतं. ललितांच्या आवाजात जी ऊब, जो खट्याळपणा आणि जी भूक आहे, ती अनोळखी, गुळगुळीत आवाजात आली नसती. नारायणी ही शिक्षा भोगणारी, हाडामांसाची बाई आहे, परी नव्हे.

त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘मतिलुकळ’ला दिग्दर्शन आणि अभिनयाबरोबर ध्वनिलेखनाचाही पुरस्कार मिळाला. व्हेनिसच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षक संघानंही त्याला गौरवलं. ध्वनिलेखनाचा पुरस्कार मला सर्वांत बोलका वाटतो. बशीरांनी कागदावर जे लिहिलं, त्यातलं कागदाला न पेलणारं नेमकं काय होतं, ते अडूरांनी हेरलं. कागदावर आवाज नसतो. आख्खी प्रेमकथा आवाजाची आणि ती सांगणारं माध्यम मुकं, ही त्या पुस्तकातली मोकळी जागा होती. चित्रपट त्या जागेत शिरला.

आणखी एक धागा आहे. ‘अनंतरम’चा अजयन आपली गोष्ट रचता रचता खरं आणि कल्पिलेलं यांच्या सीमेवर उभा राहतो. ‘मतिलुकळ’चा बशीर लेखकच आहे, आणि नुसत्या आवाजावरून तो एक संपूर्ण स्त्री मनात उभी करतो. गोष्ट रचणाऱ्या मनाबद्दलचं अडूरांचं कुतूहल एका चित्रपटातून दुसऱ्यात सरळ वाहत आलं आहे. पुस्तक बशीरांचं असलं तरी प्रश्न अडूरांचाच होता. पुस्तकाची निवड अशी, आपल्या प्रश्नाच्या ओढीनं झाली, म्हणजे रूपांतराला भाषांतराची कळा येत नाही.

चाकराचं अंतरंग

‘विधेयन’ची जागा केरळबाहेरची आहे. दक्षिण कर्नाटकातला डोंगराळ, जंगली भाग. केरळातून पोटासाठी आलेला ख्रिस्ती शेतकरी तोम्मी आणि तिथला दांडगा भास्कर पटेलर. पटेलरची पटेलकी कायद्यानं संपली आहे, पण धाक संपलेला नाही. आपल्याकडं पाटीलकीची वतनं गेल्यावरही कित्येक गावांत पाटलांचा शब्द चालतच राहिला. त्यामुळं मराठी प्रेक्षकाला हा माणूस पाहिल्यासारखा वाटतो. त्याची भाषाही कानडीमिश्रित मल्याळी, सीमेवरच्या गावात असावी तशी.

सुरुवातीलाच पटेलर तोम्मीला बोलावून घेतो, लाथाडतो, त्याच्या अंगावर थुंकतो. तोम्मी सोसतो. पुढं पटेलर तोम्मीच्या बायकोला, ओमनाला, उपभोगतो. तोम्मी आधी रडतो, चडफडतो, मग हळूहळू त्या घरचा चाकर होतो. मग एक क्षण येतो, ज्याला मी या चित्रपटाचा गाभा मानतो. ओमनाच्या अंगाला पटेलरच्या अत्तराचा वास येत असतो आणि तो वास आपल्याला आवडतो, असं तोम्मी तिला सांगतो. गुलामी अंगात किती खोल मुरते, हे सांगायला याहून मोठ्या प्रसंगाची गरज पडत नाही. मार खाणारा माणूस मारणाऱ्याच्या सुगंधावर लुब्ध झाला आहे.

झकारिया यांच्या लघुकादंबरीचं नाव ‘भास्कर पटेलर आणि माझं आयुष्य’ अशा अर्थाचं. सांगणारा तोम्मीच, म्हणजे गुलामाच्या मनात काय चालतं ते गुलामाच्याच तोंडून कळतं. अडूरांनी हा ‘मी’ काढून घेतला आणि तोम्मीला बाहेरून दाखवलं. एम. आर. गोपकुमार यांचा वाकलेला पाठीचा कणा, घाबरी पण मालकाच्या मर्जीकडं लागलेली नजर, त्याच्यामागं धावणारी पावलं. पुस्तकात जे कबुलीजबाबातून कळतं, ते इथं शरीरातून कळतं. मामुट्टींचा पटेलर तर अंगावर येतो. भिंतीशी उभं राहून प्रेमानं ऐकणारा ‘मतिलुकळ’मधला बशीर हाच माणूस होता, यावर विश्वास बसत नाही. याही भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटेलरची सोशिक, सज्जन बायको सरोजा हिची भूमिका तन्वी आझमी यांनी केली आहे. उषा किरण यांची ही लेक मल्याळी चित्रपटात किती मुरलेली दिसते, ते मराठी रसिकांनी मुद्दाम पाहावं.

लेखक झकारिया यांना मात्र हे रूपांतर मानवलं नाही. आपली नाराजी त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आणि तो वाद बरीच वर्षं धुमसत राहिला. मी लेखकाच्या अशा नाराजीला किरकोळ मानत नाही. ज्यानं गोष्ट जन्माला घातली, त्याला ती दुसऱ्या रूपात पाहताना दुखणारच, आणि बोलण्याचा त्याला हक्क आहे. पण या वादातून एक गोष्ट स्पष्ट होते: अडूरांनी पुस्तकाची नक्कल केली नव्हती. नक्कल केली असती तर भांडायला कारणच उरलं नसतं.

तकळींचं कुट्टनाड

‘विधेयन’नंतर अडूर पुन्हा स्वतःच्या गोष्टींकडं गेले. ‘कथापुरुषन’ला (१९९५) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘निळल्कुत्तु’ (२००२) ही त्रावणकोरच्या एका फाशी देणाऱ्या माणसाची कहाणी, फार हललेल्या मनानं सांगितलेली. दोन रूपांतरांनंतरचे हे दोन चित्रपट पाहिले की सांगण्यासारखं उरलं नसल्याचा शेरा आपोआप गळून पडतो. मधल्या काळात दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. आणि मग साठी ओलांडलेले अडूर तकळींच्या जुन्या कथा घेऊन बसले.

तकळी शिवशंकर पिळ्ळै (१९१२–१९९९) यांच्या लेखनाचा प्रदेश म्हणजे कुट्टनाड. समुद्रसपाटीच्या खाली भातशेती करणारा, पाण्याला बांध घालून जमीन राखणारा, होडीनं ये-जा करणारा मुलूख. तकळींनी अंबलप्पुळाच्या कोर्टात वकिली केली होती. शेतमजूर, जमीनदार, पोलीस, आरोपी, साक्षीदार, सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. १९८४चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. पण बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ती त्यांची ‘चेम्मीन’ कादंबरी. लहान कथा तशा पडद्याआडच राहिल्या होत्या.

‘नालु पेण्णुंगळ’मध्ये चार कथा आणि चार स्त्रिया आहेत. वेश्या, कुमारिका, गृहिणी आणि अविवाहिता. काळ १९४०पासून साठच्या दशकापर्यंतचा. या कथा तकळींनी एकमेकींना जोडून लिहिलेल्या नाहीत. क्रम अडूरांचा. पहिली बाई रस्त्यावरची, दुसरी शेतमजुराच्या घरातली, तिसरी मध्यम स्थितीतल्या संसारातली, चौथी जमीनजुमला असलेल्या घरातली. जसजसं घर मोठं होत जातं, तसतशी बाईची कोंडी कमी होईल असं वाटतं. तसं होत नाही, तिचा फक्त प्रकार बदलतो. हा विचार सुट्या कथांमध्ये नव्हता, मांडणीतून जन्मला. रूपांतर करणारा कधीकधी एकही ओळ न बदलता, नुसता क्रम लावून लेखक होतो, तो असा.

पहिल्या कथेतली कुंजिपेण्णु आणि मजूर पप्पुकुट्टी ठरवतात की आता नवराबायको म्हणून रीतीनं राहायचं, कष्ट करून खायचं. रात्री उघड्यावर झोपलेल्या या दोघांना पोलीस उचलतात. कोर्टात विचारणा होते: लग्नाचा पुरावा काय? घर कुठं? आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली ही माणसं खरं तेच सांगतात, पण त्यांच्या खरेपणाला कागद नाही. लग्न लागलंच नव्हतं असं कायदा ठरवतो आणि नीतिभंगाची शिक्षा ठोठावतो. पद्मप्रियाच्या चेहऱ्यावर त्या वेळी संतापाआधी एक निखळ आश्चर्य दिसतं. आपण चांगलं वागायला लागलो आणि नेमकं तेव्हाच गुन्हेगार कसे ठरलो, याचं ते आश्चर्य. वकिली केलेल्या तकळींचा अनुभव आणि दृश्य रेटून न नेण्याचा अडूरांचा संयम इथं एकत्र आले आहेत.

दुसऱ्या कथेतल्या कुमारीचं लग्न नारायणनशी होतं. नवऱ्याला रस फक्त जेवणात. सासुरवाडीला तो पानावर बसतो आणि खात राहतो. वाढणारे वाढत राहतात, बघणारे बघत राहतात, नवी नवरी दाराशी उभी असते. एका शब्दाविना त्या लग्नात काय नाही, ते आपल्याला कळतं. मग नवरा तिला माहेरी सोडून निघून जातो, गाव कुजबुजू लागतं, आणि दोष अर्थातच तिच्यावर येतो. शेवटी तीच तोंड उघडते आणि सगळ्यांसमोर सांगते, की हे लग्न झालंच नाही. पहिल्या कथेत समाजानं लग्न नाकारलं होतं, इथं बाई नाकारते. चार स्त्रियांपैकी चौथी, नंदिता दास यांची कामाक्षी, लग्नावाचून आपलं आयुष्य आपल्या हिमतीवर जगायचं ठरवते. या चित्रपटानं अडूरांना दिग्दर्शनाचा पाचवा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पाचांतले दोन पुरस्कार रूपांतरांसाठीचे आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पाठोपाठच्या ‘ओरु पेण्णुम रंडाणुम’मध्येही तकळींच्याच चार कथा आहेत. सूत्र गुन्ह्याचं. चोर, पोलीस, गुन्हा लपवणारा आणि गुन्हा ज्यावर लादला जातो तो. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की त्रावणकोर संस्थानाच्या अखेरच्या वर्षांचा आणि नंतरच्या काळाचा एक मोठा पट तयार होतो, खालून वर पाहिलेला. इतिहासाच्या पुस्तकांत ही माणसं कुठं येत नाहीत.

नव्या गोष्टीची गरज कोणाला?

अडूरांच्या रूपांतरांचं मूळ मला त्यांच्या बालपणातल्या कथकलीत दिसतं. त्यांनी कथकली आणि कूडियाट्टम या कलांवर आणि त्यांच्या गुरूंवर अनेक माहितीपट केले आहेत. ‘कूडियाट्टम’वरचा त्यांचा माहितीपट तीन तासांच्या घरातला आहे. या कलांत नव्या गोष्टीची अपेक्षाच नसते. भीम, दुर्योधन, नल यांच्या कथा प्रेक्षकांना पाठ असतात. गायक एक ओळ गातो आणि नट ती ओळ घेऊन हस्तमुद्रांनी, डोळ्यांनी तिचा विस्तार करत जातो. कूडियाट्टममध्ये तर एकेका अंकाला कित्येक रात्री लागतात. लेखकानं जे दोन शब्दांत सांगून सोडलं, तिथं नट थांबतो आणि राहतो. आपल्या कीर्तनकाराच्या उत्तररंगातलं आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मंडळी पहाटेपर्यंत बसतात, ती कीर्तनकार त्याच गोष्टीत काय पाहतो हे ऐकायला. अडूरांच्या रक्तात ही परंपरा होती. तरुणपणी सिनेमाचं स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी त्यांनी ती बाजूला ठेवली. ते सिद्ध झाल्यावर ती परत आली, आणि येताना कॅमेऱ्याची भाषा घेऊन आली.

या चित्रपटांवर आक्षेपही आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. तकळींवरचे दोन चित्रपट ‘एलिप्पतायम’च्या उंचीचे नाहीत, असं अनेक जाणकारांना वाटतं. चार सुट्या कथांमुळं एकाही पात्रासोबत फार काळ राहता येत नाही, काही प्रसंग नाटकी वाटतात, वेशभूषा जरा जास्तच नीटस दिसते. यातलं बरंचसं मलाही मान्य आहे. ‘एलिप्पतायम’मध्ये घराच्या प्रत्येक दाराला, पायरीला जो दाब आहे, तो ‘नालु पेण्णुंगळ’मध्ये सर्वत्र नाही. पण ‘मतिलुकळ’ आणि ‘विधेयन’ या दोघांना मी अडूरांच्या सर्वोत्तम कामात ठेवतो, आणि ‘नालु पेण्णुंगळ’मधला तो कोर्टाचा प्रसंग त्यांच्या कुठल्याही मूळ पटकथेतल्या प्रसंगाच्या तोडीचा मानतो. रूपांतर म्हणून सूट द्यावी, अशी गरज यांतल्या एकालाही नाही.

आपल्या फडताळातल्या गोष्टी

मराठी सिनेमाला साहित्याचं नातं नवं नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ते साने गुरुजींच्या पुस्तकाच्या पायावर. जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर ‘जैत रे जैत’ केला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून त्यांनी तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘सिंहासन’ उभारला. अमोल पालेकरांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पडद्यावर आणली. ही सगळी मोठी कामं आहेत. तरीही आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: पुस्तकाला न्याय मिळाला की नाही. जणू चित्रपट हा पुस्तकाच्या दारी न्यायनिवाड्याला उभा असलेला पक्षकार आहे.

अडूरांच्या चार चित्रपटांकडून शिकण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: पुस्तकात लेखकानं कोणती जागा मोकळी सोडली आहे, आणि ती भरायला आपल्याकडं काय आहे? बशीरांच्या पुस्तकात ती जागा आवाजाची होती, झकारियांच्या पुस्तकात शरीराची, तकळींच्या कथांत क्रमाची. प्रत्येक वेळी उत्तर निराळं निघालं, कारण प्रत्येक वेळी दिग्दर्शकानं पुस्तक दिग्दर्शक म्हणून वाचलं. लोकप्रिय कादंबरीचे हक्क घ्यायचे, तिचे प्रसंग ओळीनं चित्रित करायचे आणि जाहिरातीत लेखकाचं नाव मोठं छापायचं, या व्यवहारात असं वाचन घडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या, म्हणजे वाचकांच्या आणि संपादकांच्या, जवळची आहे. ‘मतिलुकळ’ ही लघुकादंबरी १९६४ साली ‘कौमुदी’ साप्ताहिकाच्या ओणम विशेषांकात प्रथम छापून आली होती. सणाच्या अंकात आलेली ती गोष्ट पंचवीस वर्षांनी व्हेनिसपर्यंत पोहोचली. तकळींच्या कथा तर लिहिल्यानंतर कित्येक दशकांनी पडद्यावर आल्या. मराठीत शतकभराच्या दिवाळी अंकांत अशा किती कथा पडून आहेत! जी. ए. कुलकर्णी, कमल देसाई, बाबूराव बागूल, अरविंद गोखले यांच्या कथांत आवाजाच्या, शरीराच्या आणि मौनाच्या अशा मोकळ्या जागा पानोपानी सापडतात. कादंबरीच्या मागं लागलेल्या आपल्या चित्रपटानं लघुकथेकडं पुरेसं पाहिलेलंच नाही. त्यासाठी जुने अंक सांभाळणारी ग्रंथालयं हवीत, लेखकांच्या वारसांशी नीट करार करणारे निर्माते हवेत, आणि सगळ्यात आधी स्वतःचं दोन-तीन वेळा सांगून झालेला, आपली भाषा सापडलेला दिग्दर्शक हवा. तसे दिग्दर्शक आज मराठीत आहेत. त्यांनी पुढच्या पटकथेआधी जुन्या दिवाळी अंकांचं एक कपाट उघडून बसावं, एवढंच मागणं आहे. त्यांच्या हातून होणारं काम मूळ पटकथेपेक्षा हलकं ठरणार नाही, याची हमी अडूरांच्या चार चित्रपटांनी देऊन ठेवली आहे.